न्यूयॉर्कच्या हाऊसिंग लॉटरीत घर मिळेपर्यंत

गेल्या महिन्यात दोघीतिघींनी विचारलं की तुम्हाला जमैकात, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातल्या जमैकात, एवढ्या कमी भाड्यात टू बेडरूम मिळालंच कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. मोठं होणार आहे, पण यातल्या बारीकसारीक गोष्टींवरच माणसं अडतात.

आम्ही आधी क्वीन्समधल्याच अस्टोरियात नऊ वर्षं राहिलो. वरचा मजला आमचा, खाली घरमालकीण, ग्रीक आजी. भाडं १,८५० डॉलर, आणि वर्षाआड पन्नासेक वाढवायची तेसुद्धा अवघडून. २०२१ मध्ये ती गेली, मुलांनी घर विकलं आणि नव्या मालकाने पहिल्याच लीजला २,७०० सांगितले. तोपर्यंत आमचा समज की न्यूयॉर्कमध्ये भाडेकरूला कायद्याचं संरक्षण असतं. असतं, पण साधारणपणे १९७४ च्या आधी बांधलेल्या आणि सहा किंवा जास्त फ्लॅट असलेल्या इमारतीत, तिथे मालकाला मनाला येईल तेवढं भाडं वाढवता येत नाही, त्याला रेंट स्टॅबिलाइज्ड म्हणतात. असे जवळपास दहा लाख फ्लॅट शहरात आहेत. आमचं दोन बिऱ्हाडांचं घर त्यात बसतच नव्हतं.

बाजूला लाँग आयलंड सिटीत काचेचे टॉवर उभे राहत होते ते आम्ही रोज ट्रेनमधून बघायचो, २००१ मध्ये तिथलं झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधता येईल त्याचे नियम, बदललं तेव्हापासून ते चालू आहे, आणि ती भाडी हळूहळू आमच्या गल्लीपर्यंत आली. कोपऱ्यावरची लाँड्री गेली, तिथे कॉफीचं दुकान आलं. याचा राग मला कॉफीवाल्याचा येत नाही, पण लाँड्री गेल्यावर कपड्यांची पिशवी घेऊन सात ब्लॉक चालायला लागलं ते आमच्यासारख्यांनाच.

तर लॉटरी. म्हाडाची लॉटरी माहीत असलेल्यांना लगेच कळेल, फरक एवढाच की आम्ही भरली ती भाड्याच्या घरांची, मालकी मिळत नाही. शहराची हाऊसिंग कनेक्ट म्हणून वेबसाइट आहे, तिथे घरातल्या सगळ्यांची माहिती आणि उत्पन्न भरून प्रोफाइल करायचं, मग नवीन इमारत आली की अर्ज. अर्जाला एक पैसा लागत नाही. मला एकाने फॉर्म भरून द्यायचे चारशे डॉलर सांगितले होते, कृपा करून असल्या कुणाला पैसे देऊ नका, शहराने नेमलेल्या संस्था आहेत, हाऊसिंग अँबॅसेडर म्हणतात त्यांना, त्या फुकट मदत करतात. इमिग्रेशन स्टेटस बघत नाहीत. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या मंडळींनाही अर्ज करता येतो पण शहरात राहणाऱ्यांचा नंबर आधी.

अर्ज केल्यावर लॉग नंबर, म्हणजे यादीतला क्रमांक, मिळतो आणि सगळं त्या नंबरावर. माझे नंबर यायचे अडतीस हजार, बावन्न हजार असे. लाँग आयलंड सिटीतल्या हंटर्स पॉइंट साउथच्या पहिल्या दोन टॉवरमध्ये ९२५ फ्लॅट होते आणि नव्वद हजारांच्या वर अर्ज आले होते, त्यावरून अंदाज करा. २०२३ च्या सर्व्हेत शहरात भाड्याची रिकामी घरं फक्त १.४१ टक्के निघाली, १९६८ नंतरची सगळ्यात कमी. मी पावणेतीन वर्षांत ५८ अर्ज केले.

आता एएमआय, म्हणजे एरिया मीडियन इन्कम, या भागातलं मधलं उत्पन्न, हे नीट समजून घ्या कारण सगळी गोम इथे आहे. केंद्र सरकारचं हाऊसिंग खातं दरवर्षी या भागासाठी एक उत्पन्नाचा आकडा ठरवतं, आणि प्रत्येक फ्लॅट त्याच्या ठराविक टक्क्यांवर असतो. २०२३ मध्ये तिघांच्या कुटुंबाला शंभर टक्के म्हणजे १,२७,१०० डॉलर. मग ६० टक्क्यांच्या फ्लॅटला मर्यादा ७६,२६०, आणि १३० टक्क्यांच्या फ्लॅटला १,६५,२३०. दोन्हीला नाव एकच, अफोर्डेबल! आमच्या इमारतीच्या जाहिरातीत दोन्ही प्रकार होते. माझ्या मते वर्षाला दीड लाखाच्या वर कमावणाऱ्याचं घर त्याच नावाखाली मोजायला नको, कारण मग पेपरात येतं की एवढी अफोर्डेबल घरं बांधली, आणि त्यातली कितीतरी एअरपोर्टवर माल चढवणाऱ्याला परवडत नाहीत. वर कमाल मर्यादा असते तशी खाली किमानही असते, मध्ये फट राहते, आणि कितीतरी कुटुंबं त्या फटीत पडतात, एकाला जास्त दुसऱ्याला कमी.

आमचं सांगते. नवरा जेएफके विमानतळावर कार्गोमध्ये, ताशी पगार, मी फार्मसी टेक्निशियन, आठवड्याला तीस तास. दोघांचं मिळून ७४ हजारांच्या आसपास. म्हणजे ६० टक्क्यांत बसत होतो, काठावर.

२०२२ मध्ये एकदा बोलावणं आलं होतं. ईमेल भलत्याच फोल्डरमध्ये पडला, कागद द्यायची मुदत संपल्यावर मी बघितला. त्या रात्री मी जेवले नाही. तेव्हापासून रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी वेबसाइटवर लॉगिन करून मेसेज बघायचे, हा नियम.

जमैकाच्या इमारतीला आम्ही २०२३ च्या वसंतात अर्ज केला आणि नंबर आला चार आकडी. तरी आशा नव्हती कारण तेव्हा निम्मे फ्लॅट त्या त्या भागात आधीपासून राहणाऱ्यांसाठी राखीव असायचे आणि आम्ही अस्टोरियाचे. (या राखीवतेवर २०१५ पासून कोर्टात केस होती, त्याने वस्त्या वंशाप्रमाणे वेगळ्याच राहतात असं म्हणणं होतं, जानेवारी २०२४ मध्ये तडजोड होऊन ते प्रमाण २० टक्क्यांवर आणायचं ठरलं. मला दोन्ही बाजू पटतात. जो टॉवर उभा राहताना वर्षभर धूळ खातो त्याला त्यात जागा मिळायला हवी, पण आमच्यासारख्यांनी मग जायचं कुठे.)

फेब्रुवारी २०२४ मध्ये मेसेज आला, कागद अपलोड करा. लागोपाठच्या सहा पे स्टब (पगाराच्या पावत्या), टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-टू (मालक देतो तो वर्षभराच्या पगाराचा दाखला), बँकेची स्टेटमेंटं, लेकीचा जन्माचा दाखला आणि शाळेचं पत्र, लीज, विजेचं बिल. आणि मालमत्ता, जगात कुठेही असो. चिपळूणजवळ वडिलांचं घर आहे, वडील गेल्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं लागली. नवरा म्हणाला, ते पडकं घर कशाला सांगतेस. मी सांगितलं. खोटं निघालं तर सगळंच जाणार. भावाने सातबारा आणि घरपट्टीची पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, मी इंग्रजी भाषांतर करून वर किंमतीचा अंदाज लिहून दिला, त्यावर काहीही अडलं नाही. मात्र आईला दरमहा पैसे पाठवते ते उत्पन्नातून वजा होत नाहीत, हातात किती उरतं ते कोणी बघत नाही, टॅक्स कापायच्या आधीचा आकडा धरतात.

क्रेडिटची, म्हणजे कर्ज वेळेवर फेडता का ते तपासतात त्याची, भीती होती कारण कार्डावर दवाखान्याचं बिल होतं. पण बारा महिने भाडं वेळेवर भरल्याचा पुरावा दिला तर क्रेडिट चेकच्या जागी तो चालतो. आजीच्या वेळेपासूनचे सगळे चेक मी जपून ठेवले होते.

आणि मार्चमध्ये नकार. कारण, उत्पन्न जास्त.

झालं असं की सहा पे स्टब डिसेंबर ते फेब्रुवारीच्या होत्या, आणि डिसेंबरात कार्गोला ओव्हरटाइम असतोच, नाताळची पार्सलं. लीजिंगवाल्या कंपनीने त्याची सरासरी काढून वर्षाने गुणली आणि ८१ हजार केले. नवरा नुसता बसून राहिला, म्हणाला मी जास्त काम केलं म्हणून घर गेलं. त्याच्या तोंडचं हे वाक्य मला अजून सहन होत नाही.

अपील करायला कामाचे दहा दिवस असतात. जॅक्सन हाइट्सच्या एका संस्थेत एक बंगाली बाई अँबॅसेडर होत्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, रडू नका, तीन वर्षांचे डब्ल्यू-टू आणा. तीन वर्षांचं मिळून दाखवता आलं की आकडा ७४-७५ च्या वर कधी गेलाच नाही. शिवाय नवऱ्याच्या सुपरवायझरकडून लेटरहेडवर पत्र, की ओव्हरटाइम फक्त सीझनला मिळतो, वर्षभराची हमी नाही. हे पत्र मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. नवव्या दिवशी अपलोड केलं. मग अडीच महिने काहीच नाही, आणि जूनमध्ये मंजूर.

ऑगस्टमध्ये लीज. भाडं १,७६०, आणि इमारत नवी असूनही रेंट स्टॅबिलाइज्ड, म्हणजे शहराचं रेंट गाइडलाइन्स बोर्ड जेवढं ठरवेल तेवढंच वाढणार. मागच्या वर्षी रिन्यूअलला २.७५ टक्के, म्हणजे ४८ डॉलर. लीजवर सही करताना मी तो परिच्छेद दोनदा वाचला. खिडकीतून विमानतळाची एअरट्रेन दिसते, नवरा आता पंचवीस मिनिटांत कामावर पोचतो.

अस्टोरियात आमच्या शेजारच्या बांगलादेशी आपा माझ्याबरोबरच अर्ज भरायला बसायच्या, आमच्याच डायनिंग टेबलावर, एक लॅपटॉप दोघींत. त्यांचे मिस्टर रेस्टॉरंटमध्ये, पगार रोख, पे स्टब नाही. दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा उत्पन्न सिद्ध करता आलं नाही. भाडं वाढल्यावर ते न्यूयॉर्क राज्यातल्याच बफेलो शहरात गेले, तिकडे त्यांच्या ओळखीची बरीच कुटुंबं आधीच गेली होती. परवा त्यांचा फोन आला होता. बर्फ फार आहे म्हणाल्या, घर मोठं आहे, मुलांना क्वीन्सची आठवण येते. हाऊसिंग कनेक्टचं प्रोफाइल अजून बंद केलेलं नाही. मी म्हटलं, मिस्टरांना आता चेकने पगार मिळतो ना, मग आजच उत्पन्नाचा आकडा बदला, मी फोनवर थांबते, आणि आम्ही दोघी पासवर्ड शोधत बसलो.