टोपीच्या पोटातला कागद

भादवा. सकाळपासून झड लागलेली.

जुन्या टोप्या उघडायला असलेच दिवस बरे. वैशाखात मराठवाड्याची हवा इतकी कोरडी असते की फेल्टच्या (लोकर किंवा केस दाबून केलेल्या जाड कापडाच्या) टोपीतली चामड्याची पट्टी बोट लावताच मोडते. वर्षानुवर्षं घाम मुरून तिचा आधीच पापड झालेला असतो. आज हवेला ओल आहे, चामडं थोडं तरी नमतं.

टोपीतून काही निघालं की पहिला हात ते ओढायला जातो. तिथेच माहिती निम्मी जाते. वस्तू कुठे होती, कपाळाच्या बाजूला की मागे, पट्टीच्या आत की अस्तराखाली, हे टिपून फोटो काढल्याशिवाय हलवायचं नाही. मागची बाजू ओळखणं सोपं आहे: फेल्ट हॅटच्या चामडी पट्टीचा सांधा आणि त्यावरचा छोटा बो बहुधा मागे असतो.

काळ्या टोपीत कागद दिसला म्हणून हुरळून जाऊ नये. भिंत ताठ राहावी म्हणून कारागीर कापड आणि अस्तर यांच्यामध्ये पुठ्ठा घालतो, कधी कधी छापील रद्दीचाच. तो पूर्ण गोल फिरलेला असतो, कड शिवणीत अडकलेली असते. तो काढला की टोपीचा आकार गेलाच. विसरलेला कागद मोकळा असतो, त्याच्या घड्या हाताच्या असतात.

बहुतेक वेळा निघते ती वर्तमानपत्राची पट्टी. मोठी टोपी डोक्याला बसवायला घातलेली. हिशेब साधा आहे: इंग्रजी मापात ७ नंतरचं माप ७⅛, आणि दोहोंच्या घेरात साधारण १ सेंटिमीटरचा फरक. चामड्याच्या पट्टीमागे सगळीकडून दीड मिलिमीटर जाडीची घडी गेली की घेर ९ मिलिमीटरच्या वर कमी होतो, म्हणजे जवळपास एक माप. घडी जाड असेल तर टोपी वडिलांची मुलाकडे आली असावी किंवा बाजारात मिळाली ती घेतली असावी. पेपरवरच्या तारखेला टोपीची तारीख मानणारे फार आहेत. टोपी त्याहून कितीही जुनी असू शकते. तारीख फक्त एवढंच सांगते की ही घडी त्या दिवसाच्या आधी घातलेली नाही.

इकडच्या कागदांवर दुसरीच गंमत असते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात, दप्तराची भाषा उर्दू, साल फसली, म्हणजे महसुलाचं. आकड्यात ५९० मिळवले की ते साल सुरू झालं तेव्हाचं इसवी साल: १३५७ फसली सुरू झालं ऑक्टोबर १९४७ मध्ये. महिन्यांची नावंही आजूर, दै, बहमन अशी. हिशेबाच्या चिठ्ठीत रक्कम हाली (निजामाचा रुपया) की कलदार (इंग्रजांचा रुपया) हे आधी बघावं, कारण ७ हाली रुपये म्हणजे साधारण ६ कलदार. रेल्वेचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट निघालं (सव्वादोन इंच लांब) तर तारीख शाईत शोधू नका. ती यंत्राने कडेला दाबलेली असते. विजेरी आडवी धरली की उमटते.

काढण्याची रीत. आधी बाहेरून लोहचुंबक फिरवायचं. गंजलेली सुई किंवा टाचणी असेल तर बोटाआधी चुंबकाला कळते. चामडं कडक असेल तर झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्याची वाटी ठेवून, टोपी जाळीवर, पाण्याला न लागता, चार-सहा तास. रात्रभर विसरलात तर बुरशी. मग जुन्या एटीएम कार्डाची कड हळूहळू सरकवत पट्टी उलटायची, सांध्यापासून सुरुवात न करता, कारण टाके तिथेच आधी सुटतात. कागद जिथे अडेल तिथे सोडून द्यावा. ओला करून उघडण्याचा मोह नको: शाईच्या पेन्सिलीने लिहिलेलं पाणी लागलं की जांभळं होऊन पसरतं, दौतीची शाईही फुटते. डब्यातल्या ओलीनेच घडी सैल होऊ द्यावी, मग दोन टीपकागदांमध्ये, वर वजन, दोन-तीन दिवस.

वाफ आणि इस्त्री मात्र फेल्टच्या जवळ नकोच. सशाच्या केसांच्या फेल्टला पूर्वी पाऱ्याचं नायट्रेट लावत. अमेरिकेत ते १९४१ साली थांबलं. पारा टोपीत राहतो आणि उष्णतेने हवेत येतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, टोपी झटकू नये.

रुमी टोपीत (गोंड्याची उंच तुर्की टोपी) फेल्ट आणि आतल्या विणलेल्या चटईच्या मध्ये चपटी वस्तू लपते. चटई वाकवली की काड्या तुटतात, म्हणून कडेचे दोनच टाके उसवून चिमट्याने काढावी. सोला टोपीत (शोला या झाडाच्या हलक्या गराची साहेबी हॅट) डोक्याची पट्टी कवचापासून बुचाच्या तुकड्यांनी दूर धरलेली असते, हवा खेळावी म्हणून. तिकीट, चिठ्ठी त्या फटीत घसरते. उलटी करून पांढऱ्या कागदावर हळूच टिचकी मारली तरी पुरे. ओल मात्र अजिबात नको, शोल्याचा गर बसतो आणि पुन्हा उभा राहत नाही.

गांधी टोपीत फारसं काही उरत नाही, ती दर आठवड्याला धुवायला जाते. उरलंच तर घडीच्या टोकात हळदीने पिवळे झालेले दोन-चार अक्षतांचे दाणे, तेही किडीने पोखरलेले. ते वेगळ्या पुडीत ठेवावेत; कीड टोपीच्या पेटीत जायला नको.

आणि अस्तराला आतून दाट टाके घालून कापडाची छोटी पुडी शिवलेली असेल, तर ती कोणी विसरलेली नाही. ताईत किंवा अंगारा असणार. बाहेरून चाचपायचं, नोंद करायची, शिवण उसवायची नाही.