तात्यांचा 27 नंबर

कोजागिरीला आमचं मंडळ दरवर्षी दुपारी अजिंक्यतारा चढतं, अंधार पडायच्या आत खाली येतं आणि मग पटांगणात दूध आटवायला घेतं. यंदा तात्या नव्हते, श्रावणात गेले.

तात्या एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर होते, 58 ला रिटायर झाले तरी फर्स्ट शिफ्टची सवय काय सुटली नाही, पहाटे पाचला अंघोळ उरकून गडाच्या वाटेला लागलेले असायचे, पाऊस असो नाहीतर थंडी.

खूप वर्षांपूर्वी कोजागिरीला एक पोरगं वरच राहिलं होतं, खाली येऊन दूध वाटायला घेतलं तेव्हा त्याच्या आईच्या लक्षात आलं, मग बॅटऱ्या घेऊन पळापळ, शेवटी मंगळाईच्या देवळापाशी बसलेलं सापडलं. तात्या त्या रात्री जेवले नाहीत. पुढच्या वर्षी ते खिळे मारलेली एक फळी घेऊन आले, खिळ्यांवर पितळेचे वॉशर, प्रत्येकावर पंचनं मारलेला नंबर. कारखान्यात टूलरूममधून गेज, म्हणजे मापाचं हत्यार, घेतलं की आपला बिल्ला तिथं अडकवायचा, म्हणजे कुठली वस्तू कुणाकडं आहे ते कळतं, त्यावरनंच त्यांना हे सुचलं होतं. चढताना आपला बिल्ला खिशात, उतरलं की परत खिळ्यावर. पहिल्या वर्षी 27 जण होतो, तात्या सगळ्यात मागनं चालायचे म्हणून त्यांचा 27. नंतर पोरंसोरं वाढली, बिल्ले साठावर गेले, पण तात्या 27 च राहिले. आणि फळी पूर्ण भरल्याशिवाय दुधाखालचा गॅस पेटवू द्यायचे नाहीत, कितीही उशीर होऊ दे!

वर तटावर बसवून 1700 सालचा वेढा सांगायचे. औरंगजेबाची फौज खाली, आत किल्लेदार प्रयागजी प्रभू, आणि मोगलांनी लावलेल्या सुरुंगानं तट त्यांच्याच माणसांवर कसा कोसळला ते सांगताना तात्यांचा आवाज उतरायचा. शत्रूची असली तरी कामावरची माणसं होती रे ती, म्हणायचे. मला वाटतं शॉप फ्लोअरवर जन्म काढलेला माणूसच हे असं बघू शकतो.

कासच्या फुलांच्या पठारावर 2012 नंतर, युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर गर्दी फार वाढली, तेव्हापासून ते आम्हाला रविवारी न्यायचेच नाहीत, मधल्या वारी न्यायचे, तेही एका रांगेत, कारण जांभ्यावर माती बोटभर, पाय पडला की गेलं सगळं. खिशात कामावरचं भिंग असायचं. गुडघ्यावर बसून सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं फूल पोरांना दाखवायचे आणि सांगायचे, एवढीशी नाजूक दिसते पण खाली ओल्या मातीत हिच्या बारक्या पिशव्या आहेत, त्यात किडे धरते. माझ्या लेकीनं त्या भिंगातनं बघितलेलं फूल अजून वहीत काढून ठेवलंय.

यंदा फळी काकूंनी आणून दिली. आम्ही सगळ्यांनी आपापले बिल्ले काढले, 27 ला कुणी हात लावला नाही. चार पावलं गेल्यावर मागं वळून बघितलं तर फळीवर तेवढाच एक, म्हणजे तात्यांच्याच हिशोबानं आम्ही सगळे वर आणि तात्या खाली पोचलेले. मला पुढं चालवेना, पोरांनी हाताला धरून नेलं.

उतरलो तेव्हा काकू फळीशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. शेवटचा बिल्ला लागला, त्यांनी एकेक खिळ्यावरनं बोट फिरवत सगळे मोजले, 27 वर बोट जरा थांबलं, आणि म्हणाल्या, "पेटवा आता गॅस."