आबांच्या नावाचं बोट

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळी बाबांनी उंबरा धुतला, पूजा केली आणि कुंकवात बोट बुडवून घरातल्या गेलेल्यांचं एकेक नाव घेत उंबऱ्यावर टेकवायला लागले. पणजोबा, पणजी, थोरले आजोबा, आजी. आजीच्या नावानंतर हात थांबला. बापाला नावाने हाक कशी मारायची, म्हणून नुसतं "आबा" म्हणाले आणि बोट टेकवलं. आई आत सांजोऱ्या तळत होती, ती झारा तसाच ठेवून बाहेर आली. कोणी काही बोललं नाही.

मी दरवर्षी आखाजीला माहेरी येते. आमच्या खानदेशात हा लेकींचा सण आणि पितरांचाही. एकीकडे निंबाला झोका बांधलेला, दुसरीकडे पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर डांगर म्हणजे खरबूज, दोन आंबे, सांजोऱ्या. झोका आबाच बांधायचे. पंच्याऐंशी ओलांडल्यावरसुद्धा दोर स्वतः ओढून बघितल्याशिवाय आम्हाला बसू देत नसत. मी दारात दिसले की, "ऊनी का व माय? बठ." एवढंच. मग पाण्याचा तांब्या पुढे यायचा.

दाखल्यावर त्यांची जन्मतारीख 1 जून 1931. त्या काळच्या निम्म्या गावाचा जन्म 1 जूनचा आहे, मास्तरांच्या कृपेने. खरी तारीख कोणालाच ठाऊक नव्हती. 1944 साली चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी इंग्रजांचा खजिना लुटला, तेव्हा ते बारा-तेरा वर्षांचे होते. गावात ती बातमी कशी कुजबुजत आली, ते शेवटपर्यंत आवाज खाली आणूनच सांगायचे. पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला, 1998 मध्ये त्यातून नंदुरबार वेगळा निघाला, आबा मात्र पांझरा नदीकाठच्या त्याच घरात, त्याच ओट्यावर.

ते पाटकरी होते. हे मला नीट लिहून ठेवायचं आहे, कारण माझ्या मुलांना पाटकरी म्हणजे काय हे सांगावं लागतं.

पांझरेवर जागोजागी जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून वावरात पाणी. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे तीन-चार मोठे फड पाडलेले. एका फडात एकच पीक. यंदा ऊस कुठे, गहू कुठे, कोणता फड पडीक ठेवायचा, हे गाव बसून ठरवायचं. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे फड पडीक राहिला तरी कोणी एकटा बुडत नसे. तीन-चारशे वर्षं हे असंच चालत आलेलं. ठरलेल्या पाळीप्रमाणे पाणी सोडायचं आणि मोडायचं काम पाटकऱ्याचं. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावरून मिळणारं धान्य. वावराचा मालक रात्री घरी झोपलेला असे आणि आबा बारे देत अंधारात पाटावर. त्यांच्या टाचांच्या भेगांत काळी माती कायमची बसली होती. आजी दगडाने घासून थकली, माती काही निघाली नाही.

एका उन्हाळ्याची गोष्ट आजीने मला सांगितली, आबांनी कधीच नाही. पाण्याची ओढ होती. पाळी चारीच्या टोकाच्या वावराची, एका विधवा बाईची. मध्यरात्री वर पाणी तुटलं. आबा कंदील घेऊन पाटाने उलटे चालत गेले, तर मधलं तोंड कोणीतरी फोडलेलं आणि शेजारी फावडं टेकून उभे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. उसाला ताण बसत होता, त्यांचीही अडचण खरीच होती. आबा म्हणाले, "दादा, पाळी तुमनी नही शे." आणि भावाच्या डोळ्यांदेखत ढेकळं आणि गवत कोंबून तोंड बंद केलं. आजी म्हणायची, परत आले तेव्हा हात थरथरत होते, भाकरी पुढे केली तर नको म्हणाले. दोन्ही घरांचं बोलणं त्या रात्रीपासून बंद. पुढच्या आखाजीला थोरले आजोबा आपण होऊन आले, घागरीपुढे बसले आणि आमरस-पुरणपोळी जेवून गेले. त्या रात्रीचा विषय दोघांनी परत काढला नाही.

मला आबांचं सगळं आयुष्य त्या एका रात्रीत दिसतं. वडीलधाऱ्याचं मन मोडणं त्यांना किती जड गेलं असेल! आमच्या घरात थोरल्यापुढे आवाज चढवायची पद्धत नाही. तरीही टोकाच्या वावराला पाणी पोचलं.

1972 च्या दुष्काळात नदीच आटली. पाटकरी खडी फोडायला गेला. आजी तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीची चव सांगताना तोंड वाकडं करायची, आबा म्हणायचे, तिनेच पोरं जगवली. पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी झाल्या, घरोघर मोटारी बसल्या. ज्याचं बटण त्याच्या हातात. पाळीची गरज संपली तशी पाटकऱ्याचीही संपली. त्याबद्दल त्यांच्या तोंडून तक्रार मी ऐकली नाही. पण पहाटे फावडं खांद्यावर टाकून पाटावर जाऊन यायचं काही त्यांनी सोडलं नाही, पाट कोरडा असला तरी. वाटेत साचलेला काडीकचरा काढून टाकायचे. मला तेव्हा ते म्हातारपणाचं खूळ वाटे. आता वाटतं, ती त्यांची पूजा होती.

मार्गशीर्षात गेले. रात्री दादर ज्वारीची भाकरी आणि उडदाची घुटलेली डाळ जेवले, पहाटे उठलेच नाहीत. असं मरण मागून मिळत नाही, असं सगळे म्हणाले आणि मलाही ते पटतं, तरी रडू थांबत नव्हतं. टोकाच्या वावरवाल्या त्या विधवा बाईचा नातू, आता पन्नाशीचा, खांदा द्यायला सगळ्यात पुढे होता. अस्थी मुडावदला नेल्या, पांझरा तापीला मिळते तिथे.

दुपारी जेवणं उरकल्यावर काकांनी सांगितलं की पाळ्यांची जुनी वही त्यांच्या कपाटात आहे. कोणाचं वावर, कोणती चारी, किती वेळ पाणी, सगळं आबांच्या अक्षरात. अर्धी पानं वाळवीने खाल्ली आहेत. उद्या सकाळी ती आणते आणि बाबांना शेजारी बसवून नव्या वहीत उतरवायला घेते. फडांची नावं सांगू शकतील असे गावात दोन-तीनच म्हातारे उरलेत, त्यांच्याकडेही जायचं आहे.