बी तारेसाठी पाऊण मिलिमीटर

माझ्या गिटारची मोकळी बी तार अगदी सुरात, पण बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या बाराव्या पट्टीवर) दाबली की ट्यूनर सहा सेंट चढा दाखवायचा. (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.) तारा बदलल्या, फरक नाही. मग व्हर्नियर लावून पाहिलं: प्लास्टिकचं सॅडल (ब्रिजच्या खाचेत बसणारी, तारा टेकतात ती पट्टी), जाडी 2.4 मिलिमीटर, आणि सगळ्या तारा त्याच्या मधोमध टेकलेल्या.

हिशेब सोपा निघाला. माझ्या गिटारची स्केल, म्हणजे मोकळ्या तारेची लांबी, 648 मिलिमीटर. टेकण्याची जागा 1 मिलिमीटर मागे सरकवली की बाराव्या फ्रेटवर जेमतेम अडीच-पावणेतीन सेंट उतरतात. जुन्या सॅडलवर बी मागच्या काठापर्यंत नेली तरी सव्वा मिलिमीटरच मिळणार, म्हणजे तीनेक सेंट. खाच मागच्या बाजूने वाढवून 3.2 चं सॅडल बसवलं तर दोन मिलिमीटर, पाचेक सेंट. 6 मिलिमीटरचा मोह झालाच होता, तिथे प्रत्येक तारेला मनासारखी जागा देता येते. पण खाच आणि तारा अडकवायच्या पिनांची भोकं यांच्यामधलं लाकूड किती उरेल ते पाहिलं आणि मोह आवरला.

नागपूरच्या महाल भागात सतार-तंबोरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. हाडाचं काम त्यांच्या हातचं. खाच सुरेख कोरली. सॅडल बोटांनी दाबून बसलं, गिटार उलटी धरली तरी पडलं नाही. (ठोकून बसवायचं नाही, तारांच्या ताणाने ब्रिज चिरतो. सैल ठेवलं तर सॅडल पुढे झुकतं आणि सगळा हिशेब बिघडतो.)

तारा चढवल्या, आणि माझी गिटार सतारीसारखी झणझणली!

काकांनी सवयीने सॅडलचा माथा रुंद, सपाट घासला होता, झणकारासाठी सतारीच्या घोडीवर जवारी काढतात तसा. सॅडल जितकं जाड तितकी ही चूक करायला जागा जास्त, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. "भाऊ, तुले झणकार नाही पाहिजे तर आधी सांगायचं ना," म्हणाले आणि हसले. मग एकेका तारेखाली कड काढली. बीची अगदी मागच्या काठावर, बारीक ईची थोडी पुढे.

बी आता एकच सेंट चढी आहे. ती तशीच राहू दिली.

सॅडलची उंची मात्र थोडी जास्तच ठेवून आणली. नागपूरच्या मे महिन्यात लाकूड सुकून गिटारची वरची फळी खाली बसते, पावसाळ्यात पुन्हा फुगते. आणि घासलेलं हाड काही परत वाढत नाही. जुलैत पुन्हा महालात चक्कर आहे.