चिंता

रात्रीचा दीड वाजलाय आणि मी मोबाइलवर १९७८ सालचा इंडोनेशियन सिनेमा बघतोय. ‘बर्कलाना’, म्हणजे भटकंती. सबटायटल्स नाहीत, आणि प्रिंट अशी की घरातल्या घरात पाऊस पडावा.

नायक रोमा इरामा, तिकडचा नावाजलेला गायक. सिनेमात श्रीमंताघरचा मुलगा, गाण्याचं वेड वडिलांना नापसंत, म्हणून गिटार घेऊन बाहेर पडलेला. पुढचं काय सांगायचं! ही गोष्ट आपण आपल्या भाषांतून इतक्यांदा पाहिलीय की काही म्हणता काही अडलं नाही.

मग ढोलावर थाप पडली आणि आतून आईचा आवाज आला, “अरे, कुठलं जुनं हिंदी गाणं लावलंयस? बारीक कर.”

आईचं फारसं चुकलं नाही. या संगीताचं नावच ‘डांगडुट’. डांग आणि डुट, तबल्यासारख्या ढोलाचे दोन बोल. नाव ठेवलं नाकं मुरडणाऱ्यांनी, हिणवायला. (ढोलकी ऐकली की नाक मुरडणारे आपल्याकडे काय कमी होते?) रोमानं तेच नाव मिरवलं आणि डांगडुटचा राजा झाला. हिंदी सिनेमातली गाणी आणि डीप पर्पल या इंग्रजी रॉक बँडची गिटार, दोन्ही त्यानं एकाच पातेल्यात शिजवलं. ‘तेराजाना’ या गाण्यात बासरी बांबूची, ढोल चामड्याचा असं सांगता सांगता हे गाणं भारताचं आहे, हेही तो गाऊन टाकतो. उधारी अशी तालासुरात कबूल करणारा गडी मला आवडला. आपल्या चालचोरांनी कधी केलीय?

शब्दही ओळखीचे लागतात. आवाजाला ‘सुआरा’, म्हणजे आपला स्वर. पापाला ‘दोसा’. ‘कारेना’ म्हणजे कारण. आणि दर दुसऱ्या गाण्यात ‘चिंता’, ‘चिंता’. मला वाटलं, बिचाऱ्याला पैशाची विवंचना असेल. शोधलं तर त्यांच्याकडे चिंता म्हणजे प्रेम! संस्कृतातून निघालेला शब्द जावापर्यंत पोचेतो पार विरघळला.

“झोपलास का रे?” पुन्हा आई. “सकाळी लवकर उठायचंय ना? मला मेलीला उगाच तुझी चिंता.”

रोमाचं एक खूप गाजलेलं गाणं ‘बगादांग’. उगाच रात्र जागवू नका, असं बजावणारं. पण तसंच काही कारण असेल तर हरकत नाही, अशी सूटही त्यातच आहे.

मी इयरफोन शोधले.