वाटी घट्ट होती, तरी काढावी लागली

शिरपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या खुब्याचा सांधा २००५ साली बदललेला होता आणि तो कधी दुखला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा एक्स-रे काढलाच नव्हता. धुळ्याला आमच्याकडे ते आले ते जांघेत कळ येऊ लागल्यावर. फिल्मवर कृत्रिम सांध्याचा धातूचा गोळा, तो ज्यात फिरतो त्या कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीच्या मध्यावरून वर सरकलेला होता आणि वाटीमागच्या हाडात पोकळी दिसत होती.

सांधा झिजला म्हणजे धातू झिजला, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक झिजते ते वाटीतले पॉलिथिलीनचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, अस्तर. त्याचे सूक्ष्म कण शरीरातील पेशी गिळतात, त्यांना ते पचत नाहीत, आणि त्यातून उठणाऱ्या दाहाने रोग्याचे स्वतःचे हाड विरघळू लागते. बराच काळ हे न दुखता चालते. शस्त्रक्रियेत पाहिले, तर अस्तराची वरची कड कागदासारखी पातळ झाली होती आणि पोकळीत करडा-पिवळा मऊ लगदा साचला होता.

वाटी मात्र हाडात घट्ट होती. केवळ अस्तर बदलून पोकळीत हाडाचा चुरा भरला असता, तर भागले असते. परंतु प्रत्येक कंपनीच्या अस्तराची खाच निराळी असते, आणि ही वाटी कोणत्या कंपनीची, हे सांगणारा एकही कागद रोग्याकडे नव्हता. पूर्वीच्या रुग्णालयातही जुनी फाइल मिळाली नाही. सिमेंटने दुसरे अस्तर बसवावे, तर वाटी लहान. अखेर बाकदार पटाशीने ती सोडवली आणि निघताना तिने हाड सोबत आणलेच. ते हाड वाचू शकले असते, ही खंत मनातून जात नाही. इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, आकार आणि लॉट क्रमांकाचे स्टिकर असतात. त्यातले एक रोग्याच्या कार्डावर न चिकटवणे हा निव्वळ हलगर्जीपणा आहे.

घरी जाताना त्यांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, आते हाऊ कितला वरीस टिकी?” २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात, पण तो हिशेब पहिल्या शस्त्रक्रियेचा आहे. नवे अस्तर पुष्कळ कमी झिजते, तरी दुसऱ्यांदा बसवलेला सांधा सहसा पहिल्याइतका टिकत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले, आणि दुखो वा न दुखो, ठरलेल्या तारखेला एक्स-रेसाठी यायला बजावले. दुखत नसताना कशाला यायचे, असे मुलाने विचारले, तेव्हा त्याला जुनी फिल्म पुन्हा दाखवली आणि नव्या वाटीच्या स्टिकरचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये काढून घ्यायला लावला.