लियाँ: लोकार यांचा माळा आणि आजच्या फॉरेन्सिक लॅबचा नकाशा

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने साधारण २ तासांत लियाँ. पार-द्यू स्टेशनातून मेट्रोची बी लाइन, साक्स-गाँबेताला बदलून डी, आणि व्ह्यू-लियाँला उतरायचं. सोन नदीच्या काठाने उत्तरेकडे थोडं चाललं की २४ खांबांचं जुनं न्यायालय दिसतं. दर्शनी बाजू पूर्वेला, त्यामुळे फोटो सकाळीच काढा, आणि समोरच्या पादचारी पुलावरून. जवळून सगळे खांब मावत नाहीत.

मी मात्र छप्पर बघायला गेले होते. १९१० मध्ये फ्रेंच गुन्हेवैज्ञानिक एडमाँ लोकार यांनी याच इमारतीच्या माळ्यावरच्या दोन खोल्यांत पोलीस प्रयोगशाळा सुरू केली. स्पर्श झाला की देवाणघेवाण होते, हे त्यांचं तत्त्व आपण घटनास्थळापुरतं शिकतो. लॅबचे आराखडे करताना मला ते इमारतीलाच जास्त लागू पडतं असं वाटतं. आरोपीचे आणि मयताचे कपडे एकाच टेबलावर उघडले, तर त्यांवरच्या धाग्यांना पुरावा कसं म्हणायचं?

म्हणून तर डीएनए विभागात पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या प्रक्रियेच्या, आधीची आणि नंतरची खोली वेगळी लागते. आधीच्या खोलीत हवेचा दाब जास्त, नंतरच्या खोलीत कमी, म्हणजे वाढवलेला डीएनए उलटा येऊन नव्या नमुन्यात मिसळत नाही. गोळीबाराचे कण तपासायची खोली शस्त्र विभागापासून लांब हवी, आणि मुद्देमाल घेऊन येणाऱ्या सशस्त्र पोलिसांच्या वाटेवर तर नकोच. तुलनेसाठी चाचणीच्या गोळ्या झाडायची पाण्याची टाकी वजनदार, तिला तळमजलाच बरा.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्याराज्यांत ती अमलात येईल तसा मुद्देमाल वाढणार. जुन्या सरकारी इमारतीतला रिकामा मजला लॅबसाठी मिळाला, तर आधी विचारा: मुद्देमालाला स्वतंत्र जिना आहे का, हवेचे डक्ट वेगळे काढता येतील का? माझा आग्रह आहे की मुद्देमाल ठेवायची कोठी आधी आखावी, टेबलं नंतर.

न्यायालयात आजही अपिलाचं कामकाज चालतं, त्यामुळे कामाच्या दिवशी जा, सुरक्षा तपासणी धरून वेळ ठेवा. माळा हे काही पर्यटनस्थळ नाही. फ्रान्सच्या पोलीस फॉरेन्सिक सेवेचं मुख्यालय आता शहराच्या पश्चिमेला एकुलीत आहे. तिथे जायचं मनात असेल, तर निघण्यापूर्वीच संस्थेच्या लेटरहेडवर पत्रव्यवहार करा.